‘मॅक्रो’ लिहिलेली लांब लेन्स

२४ सप्टेंबर. सकाळचं काम शेवंतीची पानं उलटी करून बघायचं. खालच्या अंगाला बारीक ठिपके होते, त्यातले काही हलत होते. नुसत्या डोळ्याला तेवढंच कळलं. गेल्या वर्षीही तेवढंच कळलं होतं. तेव्हा मोबाईलवर फोटो काढून शिरूरच्या औषध दुकानदाराला पाठवला. त्या धुरकट फोटोवरून त्याने फुलकिडे ठरवले, मी फुलकिड्यांचं औषध मारलं, आणि निघाला लाल कोळी. त्याला त्या औषधाने काहीही झालं नाही. ऐन दिवाळीत सगळा प्लॉट ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरखाली घालून मातीत गाडला.

म्हणून यंदा मॅक्रो लेन्स, अगदी जवळून बारीक जीव मोठा दाखवणारी, घ्यायची ठरवली. हौस नव्हती. फुलकिड्याला सहा पाय, कोळ्याला आठ. पाय दिसले की औषध ठरतं. दोन्ही औषधं एकदम मारली तर कळ्या करपतात. घरात भिंग आहे, पण पान हलतं, हात हलतो आणि चाळिशीच्या चष्म्यातून पाय मोजणं मला जमत नाही. फोटो मोठा करून बघता येतो. कॅमेरा होता. भाचीने नवा घेतल्यावर तिचा जुना, नवशिक्यांचा, मला दिला होता, सोबतच्या छोट्या लेन्ससकट. नवी मॅक्रो परवडणारी नव्हती. पण किड्यासाठी आपोआप फोकस लागत नाही, आपणच बोटभर पुढे-मागे व्हायचं असतं. तेव्हा जुनी, हाताने फिरवायची मॅक्रो चालली असती. तशी एक दौंडच्या दुकानात आहे हे फोनवर विचारून ठेवलं होतं.

मी एकटीच जाणार होते. वडगाव रासाईहून दौंड काही लांब नाही. पण नवरा म्हणाला, “बाईमाणसाला गंडवत्यात ती. मी येतो.”

दुकानात कॅमेरा माझ्या गळ्यात होता, तरी दुकानदार नवऱ्याशीच बोलत राहिला. “दादा, काय काढायचंय?”

“शेवंतीवरचे किडे,” मी म्हणाले.

“बैल,” नवरा म्हणाला. “शर्यतीचं. घाटात, गाडं पळत्यात तिथं, जवळ उभं राहू देत न्हाईत.”

दुकानदाराने माझी मॅक्रो काचेच्या कपाटातून काढली. आखूड, जड, कडेला रंग उडालेली. तिच्या शेजारी त्याने एक लांब टेलिफोटो ठेवली, दूरचं जवळ आणणारी. नवऱ्याने ती फिरवली, नळी आणखी बाहेर आली, आणि तिथेच माझं काम संपलं.

“वहिनी, ह्याच्यावर बघा काय लिहिलंय. मॅक्रो! दोन्ही कामं एकात.”

“ते नुसतं लिहिलेलं असतं,” मी म्हणाले. “फूल येईल ह्यात. कोळी नाही येणार.”

“आगं, छापलंय की त्येच्यावर,” नवरा म्हणाला. “का कंपनीपरीस तुला जास्त कळतं?”

“कंपनीने आपल्या शेवंतीत फवारणी केली नव्हती.”

दुकानदार हसला. नवरा हसला नाही. भर दुकानात बायकोने उलट उत्तर दिल्यावर लांब लेन्स घेणं त्याला भागच पडलं. पैसे माझ्या पाकिटातून गेले. निघताना मी दुकानदाराकडून वदवून घेतलं, की आठवड्याच्या आत आणली तर बदलून देईन, फक्त काचेवर डाग नको.

घरी येऊन ताबडतोब पानावर लावली. जरा जवळ गेलं की फोकस सुटायचा. मागे सरकून काढलेल्या फोटोत पान झकास आलं, शिरा मोजता येत होत्या. ठिपके ठिपकेच राहिले. लगेच बदलायला गेले असते, पण दसऱ्याची तोडणी सुरू झाली होती आणि तोडणाऱ्या बायका मी नसले की कळ्याही खुडतात.

खंडेनवमीला खुरपी, पंप, ट्रॅक्टर, सगळं पुजायला मांडलं. मी मळ्यात होते. नवऱ्याने लेन्सही पाटावर उभी केली, तोंड वर करून. आल्यावर बघते तर टोपण बाजूला, काचेवर मधोमध ओलं हळदीकुंकू, त्यावर आमच्याच शेवंतीचं फूल.

“आत्या, काचेवर कशाला लावलं?”

सासूबाई म्हणाल्या, “मंग कुठं लावायचं? तोंड तेच की त्येचं. टोपण घालून पूजा कुणाला पोचती?”

त्यांचं खरंच होतं. पंपालाही त्या टाकीवर लावतात, झाकणावर नाही. मी मऊ फडकं आणेपर्यंत नवऱ्याने उपरण्याने काच पुसलीही. उपरण्यात शेतातली माती. काचेवर गोल गोल चरे उमटले आणि हळद कडेच्या फटीत जाऊन बसली.

दसरा झाल्यावर मी एकटी दौंडला गेले. दुकानदाराने लेन्स उजेडात धरली. “वहिनी, देवाचं हाय म्हणून बोलत न्हाई. पण हे मी कुणाला खपवू?” मॅक्रो अजून कपाटात होती. बघितली आणि राहू दिली. घ्यायला आता पाकिटात तेवढे पैसे नव्हते. शेवटी त्याने खणातून एक साधी कडी काढून दिली. ती कॅमेऱ्याला लावून तिच्यावर छोटी लेन्स उलटी बसवायची. उजेड कमी मिळतो, फोकस केसाएवढा, वारा आला की संपलं. पण जवळचं दिसतं. तेवढी परवडली.

संध्याकाळी नवरा म्हणाला, “बदलली न्हाई ते बरं झालं. चरे काय फोटूत दिसत न्हाईत. पुढल्या शर्यतीला कॅमेरा मला लागंल.”

मी परातीत पीठ ओढलं. भाकरी थापायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लांब लेन्स पिशवीत घालून त्याच्या हातात दिली.

“आन् कॅमेरा?”

“कॅमेरा माझा. तुमच्या लेन्सला तुम्ही दुसरा बघा.”

वारा सुटायच्या आत मळ्यात गेले, सरीत पालथी पडून फोटो काढत राहिले. बरेच वाया गेले. एका फोटोत पाय दिसले. आठ होते. पण तोवर निम्म्या प्लॉटच्या शेंड्यांवर जाळी चढली होती. ती झाडं आधी उपटली, पोत्यांत भरून बाहेर नेली आणि पेटवली. मग पंपात कोळ्याचं औषध ओतलं आणि राहिलेल्या सऱ्या फवारायला घेतल्या.