पाव फूट इकडे, पाव फूट तिकडे

वेबपानावर स्लायडर बसवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात सोपं काम. एक आडवी पट्टी, तिच्यावर एक गोळी, आणि गोळी बोटाने सरकवली की बदलणारा आकडा. पट्टी एका ओळीत येते. चार-पाच ओळी जावास्क्रिप्टच्या लिहिल्या की कामाला लागते. जालन्यात मस्तगडच्या आमच्या दोन खोल्यांत बसून मी कुठकुठल्या कंपन्यांसाठी अशा पट्ट्या केल्यात. कुणाला फोटोतला उजेड कमीजास्त करायचा असतो, कुणाला हॉटेल किती लांब चालेल ते विचारायचं असतं. त्यातली एकही मला आज आठवत नाही. बाबांच्या नर्सरीसाठी केलेली मात्र आठवते, आणि आठवली की अजून स्वतःचा राग येतो.

बाबांची नर्सरी आष्टीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मोसंबीची कलमं. कलम करायचं म्हणजे चांगल्या झाडाच्या फांदीवरून डोळा काढायचा, म्हणजे कोंबाची ती बारीकशी गाठ सालीसकट उचलायची, आणि दुसऱ्या रोपाच्या सालीत चीर देऊन आत बसवायची. डोळा बसवायला आणि वरून पट्टी बांधायला चार बायका येत. पण डोळा काढायचा तो बाबांनीच. चाकू खोल गेला तर मागे लाकूड येतं, वरवर फिरला तर डोळा जखमी होतो. चाळीस वर्षं त्यांनी तो चाकू दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. गिऱ्हाईक यायचं ते बाबांच्या हातचं कलम म्हणून यायचं.

मागच्या हिवाळ्यात मात्र निम्म्याहून जास्त डोळे धरलेच नाहीत. काळे पडून गळून गेले. बाबांनी आधी थंडीला बोल लावला, मग पट्टीच्या प्लॅस्टिकला. आईला वाटलं नजर कमी झाली असेल, म्हणून आम्ही जालन्याला आणून त्यांना नवा चष्मा करून दिला. यंदा थंडी तोंडावर आली तसं घरात एकच बोलणं सुरू झालं. आईचं म्हणणं, अंबडकडचा एक चांगला कारागीर आहे, या वर्षी डोळे त्याला काढू द्या. बाबांचं उत्तर ठरलेलं. "माझ्या हाताला काय झालंय?" अजून एक हंगाम वाया गेला असता तर आमच्या फाटकाशी गाडी थांबवणारं कुणी उरलं नसतं, हे तिघांनाही माहीत होतं. पण ते तोंडाने कुणी बोलत नव्हतं.

या सगळ्यात माझी पट्टी कुठून आली, तर बाबांच्या एका खोडीतून. रोप मागायला आलेल्या माणसाला ते आधी विचारणार, "दोन झाडांत अंतर किती ठेवणार?" उत्तर पटलं तर रोपं, नाही तर नमस्कार. दहा फुटांवर लावतो म्हणणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी चहा पाजून रिकाम्या टेम्पोसकट परत पाठवला होता. फोनवरही तेच. अंतर किती, मग एकरी झाडं किती बसतील, ते तोंडी सांगत बसायचे. नर्सरीत गेले की दिवसातून वीस वेळा तेच ऐकून माझंच डोकं उठलं. म्हटलं, मी एक पान करते. माणसाने पट्टीवर अंतर सरकवायचं, खाली एकरी झाडं दिसतील. तुमचा घसा तरी वाचेल.

मी दर शनिवारी नर्सरीत जायचे. पहिल्या शनिवारी मोठ्या ऐटीत पान बाबांच्या मोबाईलवर उघडून दिलं. त्यांनी गोळी सरकवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे तर हालतच न्हाई."

"बोट उचला ना बाबा. सोडल्यावर आकडा बदलतो."

"सोडल्यावर सांगून काय उपयोग? सरकवतानाच दिसाया पाहिजे, झाडं कशी कमी होऊन राह्यली ते. तवाच माणसाला अक्कल येती."

बरोबर होतं त्यांचं. गोळी सोडल्यावर कळवणारी सूचना वेगळी असते आणि सरकत असताना कळवणारी वेगळी, आणि मी घाईत पहिली लावली होती. एक शब्द बदलला, काम झालं. त्यांनी आणखी एक हुकूम सोडला. पायरी एका फुटाची नको, पाव फुटाची हवी. "रान काय आपल्या सोयीनं मोजून येतं का? ओळी बसवताना पाव फूट इकडं तिकडं करावंच लागतं."

दुसऱ्या शनिवारी मी ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक खूण टाकली. ती दाबली की, दोन ओळींतून ट्रॅक्टर जावा म्हणून, ठरवलेल्या अंतरात दोन फूट वाढायचे. बाबांनी अठरावर गोळी ठेवली, खूण दाबली. खाली आलं, एकरी झाडं एक. मी वाकून पाहिलं तर अंतर दाखवत होतं एकशे ब्याऐंशी फूट. पट्टीतून येणारा आकडा जावास्क्रिप्टला आकडा वाटतच नाही, नुसती अक्षरं वाटतात. अठरात दोन मिळव म्हटलं की ती अठराच्या शेजारी दोन चिकटवून मोकळी होते. हे कॉलेजातल्या पोरींना मीच शिकवलंय.

"एक नंबर बाग व्हईल," बाबा म्हणाले. "झाडाला पाणी द्यायला निघालं की वाटंत जेवण करून पुढं जावं लागंल."

आई पदर तोंडाला लावून हसली. बाबाही हसले, खूप दिवसांनी. मागच्या हंगामापासून त्यांचं हसणं कमीच झालं होतं. ते हसताना पाहून मला इतकं बरं वाटलं की चूक दुरुस्त करायला मी मुद्दाम दहा मिनिटं जास्त लावली.

तिसऱ्या शनिवारी ते शेडमध्ये एकटेच बसले होते. मला पाहून मोबाईल पुढे केला.

"तुझा आकडा नाचून राह्यला, माय."

त्यांनी उजव्या हाताचं बोट गोळीवर टेकवून दाखवलं. बोट कुठे नेत नव्हते, नुसतं टेकवलेलं. खालचा आकडा मात्र अठरा, सव्वाअठरा, पावणेअठरा, साडेअठरा असा फिरत होता आणि त्याबरोबर झाडंही वरखाली होत होती. मी मोबाईल घेतला, माझं बोट टेकवलं. अठरा. गप्प अठरा. त्यांना दिला, पुन्हा नाच सुरू.

माझ्या धंद्यात अशा वेळी माणूस एकच गोष्ट धरून चालतो, चूक आपल्या कोडमध्ये आहे. मी शेडच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले. गोळी मोठी केली. बोटाचा स्पर्श कसा वाचला जातोय ते तपासलं. मोबाईलची काच पुसली. दोन तास गेले. शेवटी आम्ही लोक जे करतो ते केलं. पट्टीतून निघणारा प्रत्येक आकडा पानावर एकाखाली एक छापायला लावला आणि बाबांना म्हटलं, बोट ठेवा, मी सांगेपर्यंत काढू नका.

आकडे झरझर खाली उतरत गेले. अठरा, साडेअठरा, अठरा, पावणेअठरा, अठरा, सव्वाअठरा. मोडलेल्या कोडचे आकडे असे नसतात. ते कुठेही उड्या मारतात, शंभरावर जातात, शून्यावर येतात. हे एकाच जागेच्या आजूबाजूला होते, ठरावीक तालात, जाऊन परत येणारे. मी आकड्यांवरून नजर उचलून बाबांच्या बोटाकडे पाहिलं.

हात थरथरत होता. फार नाही. अंगणातून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार नाही एवढाच.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. बशीतून चहा प्यायचा त्यांनी कधी सोडला? ग्लास दोन्ही हातांनी का धरतात? कुणी बोलायला आलं की उजवा हात बंडीच्या खिशात का जातो? आम्ही त्यांना चष्मा करून दिला होता. वर्षभर ते तो चष्मा निमूट लावत होते.

"सापडली का चूक?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. ते मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण मी घाबरले होते. म्हटलं, "हो. कोडमध्येच होती. करते आत्ता बराबर."

आणि मी बराबर केलं. शेवटच्या वीस आकड्यांची सरासरी काढून तीच दाखवायची, आणि गोळीही तिथेच धरून ठेवायची, एवढं लिहायला पाच मिनिटं लागली. बाबांनी बोट ठेवलं. अठरा. जागचा न हलणारा अठरा. त्यांनी दोनदा बोट उचलून पुन्हा ठेवून पाहिलं आणि उठून रोपांकडे गेले. मी परतीच्या एसटीत स्वतःला समजावत होते, एवढं तेवढं लपवलं तर काय बिघडलं, आईशी सवडीने बोलू. आठवडाभर मी आईला फोन केला नाही.

चौथ्या शनिवारी शेडमध्ये गेले तर बाबा सहाणेवर चाकूला धार लावत बसले होते. पुढ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या डोळकाड्या, डोळे काढायच्या फांद्या. चेहरा असा उजळलेला की क्षणभर मलाही आनंद झाला.

"तुझ्या आईनं सांगून ठेवलेल्या त्या कारागिराला फोन केल्ता," ते म्हणाले. "येऊ नको म्हणलं. डोळे मीच काढणार."

"अचानक कसं काय?"

त्यांनी बंडीतून मोबाईल काढला. "वर्ष झालं, मला वाटून राह्यलं होतं हातच गेला म्हणून. कुणाला बोललो न्हाई. मंग तुझं हे आलं. म्हणलं, हे तर झकास, पाव फुटाचाबी फरक दावतंय. त्या दिवशी आकडा नाचला तवा म्हणलं, गेलाच हात. पण चूक तुझ्यात निघाली. आता रोज सकाळी उठून बोट ठेवतो. बिलकुल हालत न्हाई. फुकट शंका घेतली मी हातावर."

मी खुर्चीत बसले. जिला मी अंतर मोजायची पट्टी म्हणत होते, तिच्यावर या माणसाने आठवडाभर रोज सकाळी स्वतःचा हात मोजला होता, आणि तिने त्याला रोज सकाळी खोटं सांगितलं होतं. माझ्या वतीने. बाहेर बायका डोळे बसवायला तयार बसल्या होत्या. अजून तासाभराने चाकू चालला असता आणि जानेवारीत सगळे डोळे पुन्हा काळे पडले असते. आणि तेव्हा दोष थंडीचा नसता, माझा असता.

"बाबा, मोबाईल द्या जरा."

लॅपटॉपवर त्या पाच ओळी काढून टाकल्या. पान पुन्हा उघडलं आणि त्यांच्या हातात दिलं. "आता ठेवा बोट."

अठरा. साडेअठरा. पावणेअठरा.

ते बघत राहिले. मला वाटलं विचारतील, पुन्हा बिघडलं का. त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी चूक नव्हती. मी आकडा दाबून ठेवला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." रडू फुटलं.

बाबा रागावतील असं वाटलं होतं, आणि मला ते हवंही होतं. त्यांनी बोट एकदा उचलून पुन्हा टेकवलं. मग म्हणाले, "म्हणजे आठ दिवस तो अठरा तुझा होता. माझा न्हवताच."

"हो."

"असं करत जाऊ नको, माय. दहा फुटांवर झाडं लाव म्हणून मी कुणाला गोड बोललो असतो का?"

त्यांनी चाकू पुसला आणि मिटला. एवढ्यात आई चहा घेऊन आली. बाबांसाठी ग्लास, आम्हा दोघींना कप. माझे डोळे पाहून ती दारातच थबकली, मग तिचं लक्ष बाबांच्या मांडीवरच्या मोबाईलकडे गेलं. बोट पुन्हा गोळीवर ठेवलेलं होतं आणि आकडे फिरत होते.

"परत बिघडलं का ते?" आईने विचारलं. "त्या दिवशीच दुरुस्त केलं ना हिनं? का नाचून राह्यलंय?"

बाबांनी बोट काढलं नाही. हात खिशाकडेही नेला नाही. मोबाईल तिला नीट दिसेल असा थोडा वर धरला.

"मोबाईल बराबर हाय," ते म्हणाले. "माझा हात हालून राह्यला."