शेकरूला हार

आमचे वडील जंगलाचे ठेकेदार. वलवणपासून कुसगावपर्यंतची झाडं त्यांनी तोडली, कोळसा करून रेल्वेने मुंबईला धाडला, आणि डोंगर बोडके झाल्यावर त्यांना निसर्गाचा पुळका आला. त्यांनी कॅमेरा घेतला. "सगळं नाहीसं होण्याआधी टिपून ठेवायला हवं," असं ते पाहुण्यांना सांगत. जणू रान दुसराच कोणी नाहीसं करत होता! उरलेल्या एका आंब्यावर त्यांना शेकरू दिसलं. त्या लांब शेपटीच्या तांबूस खारीचा फोटो चौकटीत बसवून त्यांनी माजघरात आजोबा-आजींच्या शेजारी लावला. आंबा आठवड्यात भट्टीत गेला.

सर्वपित्री अमावास्येला आईने भिंतीवरचे सगळे फोटो पुसून त्यांना हार घातले. आजोबांना, आजीला आणि शेकरूलाही.

वडील जेवायला आले आणि भडकलेच. "अगं, हार गेलेल्यांच्या फोटोला घालतात. एवढंही कळत नाही?"

"मग हे कुठं आहे ते सांगा," वाढता वाढता आई म्हणाली, "म्हणजे हार काढते."

वडील जेवून उठले. पुढच्या महिन्यात ते कॅमेरा घेऊन राजमाचीच्या रानात गेले. तिथल्या तोडीचा ठेका त्यांना मिळाला होता.

आईने भिंतीवर जागा करून ठेवली.