साठा म्हणजे भीती

कुणाच्याही घरी गेले की साहेब आधी स्वयंपाकघरात डोकावत. तूरडाळीचे दोन डबे दिसले की मान हलवून म्हणत, "साठा म्हणजे भीती." चहा टाकणाऱ्या यजमानीणबाईंचा हात साखरेच्या डब्यावरच थांबायचा.

साहेब गुरुग्रामच्या एका कंपनीत सप्लाय चेनचे स्ट्रॅटेजी हेड. मी त्यांच्या हाताखाली, आणि मयूर विहारला राहायलाही त्यांच्याच सोसायटीत. म्हणजे रविवारीसुद्धा सुटका नाही. माल लागेल त्याच दिवशी यावा, गोदामात पडून राहू नये, हा त्यांचा धर्म. दरवर्षी कुठल्यातरी कॉन्फरन्सहून ते एक नवा शब्द आणत आणि आम्ही तो जुन्याच स्लाइडवर चिकटवत असू. तुम्ही अशा ऑफिसात असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आम्हा दिल्लीकर मराठी लोकांची एक रीत आहे. पुण्याला जाणारा येताना सगळ्यांसाठी पिशव्या भरून आणतो. गोडा मसाला, मेतकूट, लग्नसराईत मुंडावळ्यासुद्धा. साहेब याला "असंघटित क्षेत्र" म्हणत आणि हसत.

मग त्यांच्या मुलाचं लग्न झालं. सून गाझियाबादची, पंजाबी, गोड पोरगी. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात, हे कळल्यापासून तिने वहिनींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मागे धोशा लावला होता. "मम्मी, वो सफेद गहने मैं भी पहनूँगी ना?" साडी तर तिने स्वतःच आणून ठेवली.

डिसेंबरात माझी बायको पुण्याला निघाली होती. दागिने आणते म्हणाली. साहेबांनी हात वर केला. "हलवा पडून राहिला की मऊ पडतो. संक्रांतीच्या सकाळी विमानाने ताजा येईल. माझी जबाबदारी."

"पोरीची पहिली संक्रांत आहे हो," वहिनी म्हणाल्या. "ती काही परत येत नाही."

"साठा म्हणजे भीती," साहेब म्हणाले.

संक्रांतीला असं धुकं पडलं की बाल्कनीतून सोसायटीचं गेट दिसेना. विमान जयपूरला उतरवलं. साहेब फोनच्या नकाशावरचा ठिपका बघत दिवसभर फेऱ्या मारत होते.

"पार्सल नेमकं कुठे आहे ते तर कळतंय," ते म्हणाले.

"कळून काय करू? पोरीच्या गळ्यात नकाशा घालू?" वहिनींनी विचारलं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या. सून काळी साडी नेसून आत बसली होती. "कोई बात नहीं, पापा," म्हणाली, पण खोलीबाहेर येईना. साहेब दाराशी चपलांच्या कपाटावर टेकले. नकाशावरचा ठिपका बघणंही त्यांनी सोडलं होतं. फार वाईट वाटलं हो.

माझी बायको उठली आणि घरोघर फिरून आली. तळमजल्यावरच्या काकूंनी लेकीचा जुना हार काढला, पिवळट पडलेला. कुणी बांगड्या दिल्या, कुणी बिंदी. आमच्याकडून मुकुट गेला, आमच्या लेकाच्या बोरन्हाणातला. त्याचा एक कोपरा तेव्हा लेकानेच खाल्ला होता. सगळ्यांच्याच डब्यांत काही ना काही निघालं.

ते सगळं लेवून सून बाहेर आली. एकाचा रंग दुसऱ्याला जुळत नव्हता, मुकुट कलला होता, आणि पोरगी नुसती खुलली होती. काकूंनी तिची दृष्ट काढली.

साहेबांनी घसा खाकरला. "मल्टी-सोर्सिंग," ते म्हणाले, आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसात स्लाइड आली, 'समुदाय-आधारित बफर', म्हणजे साठाच, पण शेजाऱ्यांकडचा. वरिष्ठांनी टाळ्या वाजवल्या. उन्हाळ्यात त्याच वरिष्ठांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि साहेबांचं अख्खं खातं बंद केलं; आम्हाला दुसऱ्या खात्यांत वाटून टाकलं. त्यांच्या लेखी साहेबच जादा साठा. निरोपाचा केक मात्र अगदी वेळेवर आला. साहेब आणि वहिनी पुण्याला गेले. आता आमच्या स्वयंपाकघरात कुणी डोकावत नाही. बायको बिनधास्त तीन-तीन डबे भरते, आणि मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

यंदा दिवाळीचा कंदील अजून उतरवलाही नव्हता, तोच पुण्याहून एक खोकं आलं. आत हलव्याचे दागिने. हार, बांगड्या, बिंदी, मुकुट, अख्खा संच. आमच्या सोसायटीत तर यंदा कुणाचीच पहिली संक्रांत नाही. मी फोन लावला.

"साहेब, इतक्या लवकर? आणि घालायचे कुणाला?"

"अरे, येईल कुणाची तरी सून. असू दे घरात," ते म्हणाले. "धुकं पडतं तुमच्याकडे."