प्रस्थानाची पिशवी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, काशीत जन्म काढूनही विश्वनाथाला नाही. त्याला कळलं असेलच म्हणा, पण माझ्या तोंडून नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही.

आमची गल्ली बालाजी घाटाजवळची. समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला चिकटायचं, सांड आला तर दोघांनीही. तिथे मोटार कुठली? मी नोकरीभर बँकेत स्कूटरवर गेलो. परवाना मात्र मोटारीचा आहे. पंचविशीत मैदानात एकदा आठचा आकडा काढून मिळवलेला. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावल्याचं आठवत नाही.

आणि तरी, सुलभाला बघायला गेलो तेव्हा मी ऐटीत सांगितलं होतं की बद्रीनाथपर्यंत जीप मीच नेली. खरं म्हणजे मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो, पिशवीत तोंड घालून. पण ती माझी कबुली नव्हे. लग्न ठरवताना थाप कोण मारत नाही?

सुलभा गणिताची शिक्षिका. जुन्या विद्यार्थिनी रस्त्यात भेटल्या की ती त्यांचे हजेरीतले नंबर सांगायची, आणि ते बरोबर असायचे. निवृत्त झाल्यावर ती मोटार शिकली, तीही झटकन. तेवढ्यात मुलीने बंगळुरूहून फोन केला – लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला स्वित्झर्लंडला जा, झुरिकच्या विमानतळावर भाड्याची गाडी मी बुक केलीय, आठ दिवस आल्प्सच्या घाटांतून हिंडा. घाट म्हटलं की आम्हाला पायऱ्याच दिसतात. सुलभाला मात्र वळणं दिसली. रोज सकाळी ती पाटावर बसायची, हातात परात धरून, समोर मोबाईलवर तिकडचे रस्ते लावून. तिकडे स्टिअरिंग डावीकडे म्हणून मला उजवीकडे बसवायची. मी बसल्या बसल्या जमिनीवर ब्रेक दाबायचो.

"अहो, घाबरू नका हो. आधी तुम्ही चालवा, थकलात की मी आहे ना!" असं ती म्हणायची.

आता मुद्द्याचं. गाडी देणाऱ्यांची अट होती की आंतरराष्ट्रीय परवाना दाखवल्याशिवाय किल्ली नाही. आम्ही दोघांनी ते काढले. मग सुलभाने पंचांग उघडलं. विमान शनिवारचं, मुहूर्त गुरुवारचा. अशा वेळी आमच्यात प्रस्थान ठेवतात. प्रवासातली एखादी वस्तू मुहूर्तावर शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास त्याच वेळी सुरू झाला असं धरतात. सुलभाने दोन्ही परवाने, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ कापडी पिशवीत घालून गाठ मारली. तिच्या माहेरचा नियम असा की मुक्कामी पोचेपर्यंत ती गाठ सोडायची नाही. पिशवी पाटणकर काकूंकडे मी नेली. शनिवारी मीच आणली.

आणि आणताना, त्यांच्या जिन्यात, मी गाठ सोडली.

माझा परवाना काढला. भीती वाटत होती हो! उलट्या बाजूने गाडी, खाली दरी आणि शेजारी पस्तीस वर्षं बद्रीनाथची गोष्ट ऐकलेली बायको. इथवर तुम्ही मला माफही कराल. पण मग मी तिचाही काढला. तो का? माझा नसता तर तिने चालवली असती. मस्त चालवली असती. हेच मला नको होतं. शेजारी बसून, पिशवीत तोंड घालून, तिच्याकडे बघायचं? दरीची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

गाठ पुन्हा मारली, अगदी तिच्यासारखी, आणि दोन्ही परवाने घरी येऊन जुन्या पंचांगात दडपले.

झुरिकला काउंटरवर सुलभाने स्वतः पिशवी सोडली. सुपारी निघाली, हळकुंड निघालं, तांदूळ सांडले. चष्मेवाल्या बाईने सुपारी उचलून बघितली आणि नम्रपणे विचारलं, हे खायचं असतं का? आमच्या मागे रांग होती. सुलभाने पिशवी उलटी केली, झटकली, पुन्हा आत हात घातला. मी काय बोललो असेन?

"तू ठेवले होतेस ना?"

झालं. एवढंच वाक्य. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठेवले होते... बहुतेक." सुलभाच्या तोंडून 'बहुतेक' हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. गणितात तो नसतो.

आठ दिवस आम्ही बसने आणि आगगाडीने हिंडलो. डोंगर सुंदर होते. प्रत्येक वळणावर मी सीट घट्ट धरायचो आणि सुलभा ड्रायव्हरचे हात बघायची. परत आल्यावर मी वर्षअखेरची जुनी पंचांगं गंगेत सोडली, परवान्यांसकट. काशीत मेल्यावर मोक्ष मिळतो, तो त्यांनाही मिळाला असावा. वर मी हातही जोडले.

चार वर्षं झाली. आमच्या मराठी मंडळींत तो किस्सा गाजला – सुपारी दाखवून गाडी मागितली! गणपतीत हमखास फर्माईश होते. आणि सांगतो कोण? मी. रंगवून सांगतो, तांदूळ सांडतात तिथे थांबतो, लोक पोट धरून हसतात. सुलभाही हसते. मोटार तिने पुन्हा चालवली नाही. गॅस बंद केला का, हे बघायला दोनदा स्वयंपाकघरात जाते. नंबर सांगणं सोडलंय. विद्यार्थिनी भेटल्या की नुसतं "बरी आहेस ना, बेटा?" विचारते.

गेल्या महिन्यात मुलीकडे निघालो होतो. तिकिटं, आधार कार्डं, घराची किल्ली असं सगळं तिने माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "तुमच्याकडेच राहू द्या. माझा काही भरवसा नाही आता. तुम्ही विसरत नाही."

मी ते सगळं खिशात घातलं आणि म्हणालो, "चल."