माझी बाराखडी प-पासून

आमच्या उमापुरात बायांचं काम्प्युटर मंडळ हाय. हाय म्हनायचं आपलं. सुरू झालं तवा बाया दारात उभ्या ऱ्हायच्या, बसाय जागा नसायची. आता तिघी ऱ्हायलो. एक मी, एक वाण्याची सून, ती अध्यक्ष, आन एक अंगनवाडीतली मदतनीस. ती कवा येती, कवा येत न्हाई.

मी साळंत गेलेच न्हाई. आईबाप ऊस तोडाय जायाचे, मी धाकल्या भावाला काखंत घेऊन त्यांच्यासंग. लगीन झालं, मग नवऱ्यासंग कोयता. मोळ्या वाहून मान आकडली ती आकडलीच. घरचे मालक वारले आन मी तोड सोडली. त्याच साली हे मंडळ निघालं. शिकवाय गेवराईहून एक मास्तरीणबाई यायच्या. कोयत्यानं माझी बोटं वाकडी झालीती, पेन्शील धरवत नव्हती. बाई म्हनल्या, ऱ्हाऊ द्या मावशी, तुमी बटनं दाबा.

बटनावर एकेक अक्षर चिकटीवलेलं. मधल्या वळीला, उजव्या हाताखाली, प र क त च ट. वरल्या वळीला ब ह ग द ज ड. मी तसंच पाठ केलं. मला वाटलं समद्यांची बाराखडी अशीच आसती. एकदा अंगनवाडीम्होरून चालले व्हते, आत लेकरं क ख ग म्हनत व्हती. मी मदतनीसबाईला म्हनलं, लेकरं चुकायलीत बग. ती हसता हसता खालीच बसली.

मग घरोघर मोबाइल आले. बाया म्हनल्या, आता तितं जाऊन काय करायचं. एकेक गळाली. दसऱ्याला आमी काम्प्युटरला हळदकुंकू लावायचो, झेंडूचा हार घालायचो. एका साली कुंकू बटनात सांडलं, तवापासून च आडकतो. यंदा हार घालाय मी एकलीच व्हते.

त्याच दिवशी वाण्याची सून आली. मंडळाला कमीत कमी तिघी लागत्यात. तुमी नाव काढलं तर मंडळ मोडू आन खोली ग्रामपंचायतीला दिऊन टाकू, आसं म्हनली. वाईट बोलली न्हाई. ती बी कटाळलीय. इचार करून सांगा म्हनली.

घरी सुनंला सांगितलं. ती म्हनली, "आत्याबाई, कशापाई जाता बरं तितं? गुडघं धरून येता. ह्यो घ्या माझा मोबाइल, घरात बसून लिवा."

घेतला. बोट जातं तितं अक्षरच न्हाई. क-च्या शेजारी ख, मंग ग. मला क-च्या शेजारी त पायजे. प हुडकाय लागले तर नजरंलाच पडंना. सून वाकून बगत व्हती. म्हनली, "तुमाला बाराखडी कुनी शिकवली, मांजरानं?" मी बी हसले. मोबाइल परत दिला.

खरं सांगायचं तर मला बी नको झालंय. खोली लांब, पायऱ्या मोडलेल्या, लाइट कवा आसती कवा नसती. लिवून तरी मी काय लिवते? ऊसतोडीला ज्या ज्या फडावर ऱ्हायलो तितलं काय काय आठवतं, चुलीला दगडं कुटून आनली, पानी किती लांब व्हतं, आसलं. ते कोन वाचनार हाय. रोज सकाळी वाटायचं, आज सांगून टाकावं, काढ बाई माझं नाव. आन रोज खोलीकडं जायाचे.

शेवटी वाण्याच्या सुनंनंच इचारलं. ती दुकानाच्या पायरीवर बसून ज्वारी निवडत व्हती.

"मावशी, मंग काय ठरलं?"

"माझं नाव ऱ्हाऊ दे."

"कशाला जीवाला तरास करून घेता?"

मी म्हनलं, "बाई, तुमची अक्षरं तुमच्या डोक्यात हायती. माझी त्या बटनावर हायती. खोली गेली की मी परत आंगठेवाली."

तिनं ज्वारी बाजूला सारली. मंग कमरंची खोलीची किल्ली सोडून माझ्या म्होरं ठिवली. म्हनली, तर मंग झाडलोट बी तुमच्याकडंच. माझ्याच्यानं आता तितं येनं व्हायचं न्हाई, नाव तेवढं ऱ्हाईल माझं.

तवापासून मीच कुलूप काढते, मीच झाडते, मंग बसते. दम लागतो, तो जाऊस्तोवर बटनाकडं नुसती बगत ऱ्हाते. हे बी हितंच बसून लिवलंय. आज लाइट हाय. च आडकतोय, दोनदा दाबावा लागतो.