पायाळू आजीची कंबर

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना माझे पाय आधी आले आणि डोकं मागाहून. (हल्ली अशा बाळांसाठी ऑपरेशन करतात, तेव्हा आमच्या साताऱ्याच्या घरी एक सुईण होती आणि देवावर भरवसा होता.) कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाने तिथे पाय लावायचा, उसण पळते, असं आपल्याकडे मानतात. मी जन्मभर सांगलीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, मुलांकडून अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेतले, आणि घरी यावं तर दारात कुणीतरी माझ्याकडे पाठ करून उभं!

"लाव की पाय," तुमचे आजोबा म्हणायचे. "तुझं काय जातं?"

माझं काय जातं ते मला मागच्या वर्षी कळलं. मीरा, तुलाही कळलं, पण ते कसं गेलं हे तुला कुणी धडपणे सांगितलेलं नाही.

झालं असं की गादी उलटवताना माझ्या कमरेत कट्‌ झालं. मणक्यातली चकती सरकली आणि सायटिका सुरू झाली. डाव्या कुल्ल्यापासून टाचेपर्यंत जणू विजेची उघडी तार! गावाच्या पाठी बऱ्या करणारा पाय, तोच उलटला. आणि स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला लावता येत नाही. (मी प्रयत्न केला नाही. म्हणजे फारसा नाही.)

त्याच वर्षी मेलबर्नला तुझा पदवीदान समारंभ होता. मी तुला शब्द दिला होता की येईन, पुढच्या रांगेत बसेन आणि माझी बॅग मीच उचलेन.

आमची फिजिओ स्नेहल, आष्ट्याची मुलगी, म्हणाली, "आजी, नुसत्या झोपून राहिलात तर विमान सोडाच, रिक्षातसुद्धा बसवणार नाही. ताकद वाढवायची, फक्त दुखण्याला वळसा घालून."

मग बैठकांऐवजी खुर्चीवरून उठणं आणि बसणं. पाठीला काठी धरून खुब्यातून वाकणं, म्हणजे कंबर वाकत नाही. बॅग उचलायची ती जमिनीवरून नाही, स्टुलावरून, आणि अंगाजवळ धरून. आत तांदूळ, दर आठवड्याला थोडे जास्त. "कळ टाचेकडे उतरली तर थांबा," स्नेहल सांगायची, "वर कमरेकडे सरकली तर समजा सुधारतंय." मी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी सगळं ऐकलं. एके दिवशी भरलेली बॅग घेऊन मी दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. आजोबांनी टाळ्या वाजवल्या आणि तिकीट काढलं.

शेवटी स्नेहलने एक अवघड व्यायाम दिला. सतरंजीवर रांगत्या बाळासारखं व्हायचं, उजवा हात पुढे, डावा पाय मागे ताठ, आणि स्थिर राहायचं. नियम एकच: कंबर पिळायची नाही.

निघायच्या आठवड्यात एका सकाळी मी अशी भिंतीकडे तोंड करून, पाय मागे ताणून होते. दार उघडं होतं. शेजारचे बापू, मूळचे शिराळ्याकडचे आणि फौजेतून निवृत्त झालेले, यांच्या पाठीत स्कूटरला किक मारताना उसण भरली होती. ते आत आले.

"आवं वैनी! मी अजून बोललो बी न्हाई, आन् तुमी पाय काडून तयार?"

बोललं की तोल जातो, म्हणून मी गप्प राहिले. (शिस्त!) बापूंनी तो होकार धरला. पाठमोरे होऊन, गुडघ्यांत वाकून ते माझ्या टाचेला टेकले.

"जरा खाली... हां! आता दाबा. लय गच्च धरलंय!"

"बापू, बाजूला व्हा!"

"व्हय, व्हय. अजून एकदा, जोरात!"

आजोबांनी स्वयंपाकघरातून डोकावून हे दृश्य पाहिलं आणि विचारलं, "बापू, चहा टाकू?"

"टाका की दादा. साखर कमी."

दोघांनाही झापावं म्हणून मी वळले. कमरेतून वळले.

कट्‌.

बापू ताठ झाले, अगदी सलामीला उभे राहिल्यासारखे. "सुटली बगा! वैनी, तुमच्या पायात देव हाय!"

देव त्या वेळी माझ्या पायाच्या करंगळीपर्यंत पोचला होता. मी सतरंजीवर पालथी पडून "स्नेहलला बोलवा" एवढंच म्हणत होते.

बापूंनी ही वार्ता गल्लीभर केली. दुसऱ्या दिवशी मी खाटेवर, आणि बाहेर चपलांचा ढीग! "बाईंना हलता येत नाही," आजोबा लोकांना समजावत होते, "पण पाय इथे आहे. तुम्हीच टेका." आणि त्यांनी माझ्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं! लोक वाकडे येत होते, टेकत होते, सरळ होऊन जात होते. एक बाई अंगठ्यापाशी नारळ ठेवून गेली.

स्नेहल आली. तिने आधी नारळ पाहिला, मग मला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"पुन्हा पहिल्यापासून, आजी. खुर्चीपासून."

"आणि विमान?"

तिने माझ्या पायावर पांघरूण घातलं.

तुझा समारंभ मी जमिनीवर पाठ टेकून, पोटऱ्या खुर्चीवर ठेवून, फोनवर पाहिला. पुढच्या रांगेतली रिकामी खुर्ची मला स्पष्ट दिसली. मग तुझं नाव पुकारलं, आणि नेमका तेव्हाच माझ्यासमोर फोन धरून बसलेल्या आजोबांनी डोळे पुसायला तो खाली घेतला. त्यामुळे पदवी घेणारी तू मला दिसली नाहीस, आजोबांचा गुडघा दिसला. नंतर सगळ्यांनी फोटो पाठवले. पण फोटोत नाव पुकारत नाहीत.

आता पुन्हा स्टूल, पुन्हा बॅग, पुन्हा मूठभर तांदूळ. कळ वर सरकते आहे. स्नेहल म्हणते, धीर धरा, आणि माझा तिच्या विज्ञानावर पूर्ण विश्वास आहे.

तरी एक सांगते. मीरा, तू पोटात पाय खाली करून होतीस म्हणून मेलबर्नच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं होतं. असं मूल पायाळू धरतात का, हे मी परवा बापूंना विचारलं. (सहज. भाषेची शिक्षिका म्हणून.)

"धरत्यात की, वैनी!"

तेव्हा या सुट्टीत तूच ये, बाळा. बॅग हलकी आण, खाऊ आणू नकोस. पण घरात शिरल्यावर मी दारात तुझ्याकडे पाठ करून उभी दिसले, तर काही विचारू नकोस.