जेवण सोडलेलं बदक

सरांच्या पक्षीनोंदींच्या वहीत एक खोटं बदक माझ्यामुळे शिरलं आणि त्यापायी सरांनी जेवण सोडलं. हे मी आजवर घरीही सांगितलेलं नाही.

सर म्हणजे आमचे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ते 'अरे' म्हणत. बदकांना मात्र 'अहो'. नव्वदच्या दशकात दर रविवारी मी त्यांना स्कूटरवरून दिंडोरी रस्त्यावरच्या एका तळ्यावर न्यायचो. तिथे हळदी-कुंकू बदकांची जोडी असे. अंगावर खवल्यांसारखी तपकिरी नक्षी, पाय शेंदरी, चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोच कपाळाला भिडते तिथे दोन लाल ठिपके. नर-मादी दिसायला सारखेच. "यजमान कोण, बाई कोण, कळत नाही. उगाच अपमान नको," सर म्हणायचे.

डोकं पाण्यात, शेपूट आभाळाकडे करून ती चरू लागली की सर पाठ फिरवून उभे राहत. जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये, असं त्यांचं मत होतं.

एका हिवाळ्यात शेजारच्या द्राक्षबागेसाठी तळ्यावर पाणी उपसायचं इंजिन बसलं आणि त्याच्या आवाजाने जोडी उडून गेली. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्यापासून सर मनमोकळं बोलत ते त्या दोघांशीच. आता वहीत दर रविवारी 'नाहीत' एवढंच लिहीत. मला बघवेना. अंबडच्या आमच्या कंपनीत पॅकिंगचा थर्माकोल पडलेला असायचा. त्यातून एक बदक कापलं, रंगवलं आणि दोरीला दगड बांधून तळ्यात सोडलं.

सरांना मोतीबिंदू होता. ते हरखले. वहीत नोंद झाली, 'एकटेच आले आहेत. गप्प असतात.' तिसऱ्या रविवारी लिहिलं, 'जेवण सोडलेले दिसते.'

मंगळवारी त्यांच्या सुनेचा फोन आला. "दादा, बाबा रविवारपासून नीट जेवले नाहीत. म्हणतात, ते उपाशी असताना मी कसा जेवू? त्यांना शुगर आहे हो. त्या बदकाला काहीतरी खायला घाला ना."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तळ्यावर जाऊन बदकाच्या चोचीला चार बोल्ट बांधले. डोकं पाण्यात गेलं, शेपूट वर आलं. दुसऱ्या दिवशी सरांना घेऊन गेलो. सुनेने दिलेला डबा माझ्या हातात होता.

"जेवतायत," म्हणत सरांनी समाधानाने पाठ फिरवली. "त्यांचं होऊ दे, मग मी."

दहा मिनिटांनी त्यांनी वळून बघितलं आणि पुन्हा पाठ फिरवली. अर्ध्या तासाने त्यांचा चेहरा उतरला. "अरे, एवढा वेळ श्वास कसा रोखतील?" असं म्हणून ते बुटांसकट पाण्यात शिरले. मागोमाग डबा डोक्यावर धरून मीही.

कंबरभर पाण्यात सरांनी बदक दोन्ही हातांनी उचललं. "अहो," त्यांनी हाक मारली, हलकेच हलवलं. बोटांना बोल्ट लागले. ते चाचपत राहिले.

"सर, ते मी केलंय," मी म्हणालो. "थर्माकोलचं आहे. तुम्ही आता जेवा. माझं चुकलं."